सृष्टी चांगली आहे, असे म्हणण्याची जबाबदारी

ख्रिस्ती धर्म म्हटले की बहुतेकांना क्रूस, पाप आणि क्षमा हेच आठवते. पण बायबलचा पहिला अध्याय पापाचा नाही. प्रकाश, भूमी, वनस्पती, सूर्य-चंद्र, जलचर, पशू निर्माण होत जातात आणि ते चांगले असल्याचा निर्वाळा देव पुनःपुन्हा देतो. सातव्या वेळी, माणूस घडल्यावर, अवघी सृष्टी फार चांगली ठरते. आदाम-हव्वेच्या अवज्ञेची कथा येते ती थेट तिसऱ्या अध्यायात. चांगुलपणा मूळचा आणि बिघाड नंतरचा, हा क्रम या श्रद्धेचा कणा आहे.

ही श्रद्धा भाबडेपणातून आलेली नाही, वादातून तावून सुलाखून निघालेली आहे. दुसऱ्या शतकात मार्सियन या ख्रिस्ती शिक्षकाने असे मांडले, की जग घडवणारा देव हलक्या प्रतीचा, आणि येशूने दाखवलेला प्रेमळ पिता त्याहून वेगळा. इ.स. 144 मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले. ज्ञानवादी पंथांना तर देह हा आत्म्याचा तुरुंगच वाटे. लियाँचे बिशप इरेनेयस यांनी 180 च्या सुमारास त्यांना सडेतोड उत्तर दिले: निर्माता आणि तारणारा एकच आहे. शरीर त्याज्य असते तर ख्रिस्ताने ते धारण का केले असते, आणि शेतामळ्यात पिकलेल्या धान्याची भाकर व द्राक्षांचा रस प्रभुभोजनात पवित्र कसे ठरले असते? 325 मध्ये नायसियाच्या परिषदेने विश्वासांगीकाराच्या आरंभीच देवाला दृश्य आणि अदृश्य अशा सर्वांचा निर्माता म्हटले.

मग दुःख कुठून आले? हा आक्षेप टाळता येणार नाही. संत ऑगस्टीन तारुण्यात सुमारे नऊ वर्षे मानी पंथात होते. त्या पंथात प्रकाश आणि अंधार या दोन अनादी सत्ता मानल्या जात. पुढे त्यांनी ती कल्पना सोडली आणि म्हटले, की वाईटाला स्वतःचे अस्तित्व नाही. आजार म्हणजे जसा आरोग्याचा ऱ्हास, तसे वाईट म्हणजे चांगल्याची हानी. पण 1 नोव्हेंबर 1755 रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, लिस्बनला भूकंप झाला आणि भरल्या चर्चमध्ये माणसे गाडली गेली. त्यांच्या आप्तांना या व्याख्येने काय दिलासा मिळणार? जे घडते ते सारे भल्यासाठीच, या आशावादावर व्हॉल्टेअरने कठोर टीका केली, ती रास्तच होती. मात्र ख्रिस्ती श्रद्धेचा दावा तो नाहीच. बायबलमधील ईयोबाच्या ग्रंथात, दुःखी ईयोबापुढे दुःखाचे सोपे हिशेब मांडणाऱ्या त्याच्या मित्रांवरच देव रागावतो. जे अस्तित्वात आहे ते मुळात चांगले आहे, एवढेच ही श्रद्धा सांगते. जे घडते ते सगळे चांगले, असे ती म्हणत नाही. म्हणून तर अन्यायाला अन्याय म्हणता येते. आणि क्रूसावरचा देव दुःखाचे स्पष्टीकरण देत बसत नाही, तो ते स्वतः सोसतो.

दुसरा आक्षेप अलीकडचा. इतिहासकार लिन व्हाइट यांनी 1967 मध्ये लिहिले, की माणसाला सृष्टीवर सत्ता दिल्याच्या शिकवणुकीतूनच निसर्गाची लूट फोफावली. या आरोपात तथ्य आहे. ख्रिस्ती समाजांनी पहिल्या अध्यायातला सत्तेचा तो वचनभाग मालकीहक्कासारखा वापरला. पण दुसऱ्याच अध्यायात माणसाला बागेची मशागत आणि राखण करायला ठेवले आहे. मालक देव आहे, माणूस राखणदार. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई’ चळवळीत उतरले, बागायती आणि पाणी वाचवण्यासाठी उभे राहिले, ते याच धारणेला साजेसे होते. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पर्यावरणाची हानी आणि गरिबांची उपेक्षा हे एकच संकट असल्याचे सांगितले.

सृष्टी चांगली आहे असे उपासनेत म्हणणाऱ्याने तिची नासाडी निमूटपणे पाहत बसणे हा त्या श्रद्धेशीच द्रोह आहे. ख्रिस्ती माणसाने हे स्वतःला बजावावे, आणि इतरांनीही त्याला याचा जाब जरूर विचारावा.