गुलाबी बोंडअळी आणि कपाशीच्या पाच ओळी

उत्क्रांतीचा सिद्धांत केवळ पाठ्यपुस्तकाचा विषय आहे असे मानणाऱ्या स्नेह्यांना मी आश्विन-कार्तिकात फुलंब्री-सिल्लोडच्या वाटेवरील कपाशीत घेऊन जातो आणि एखादी डोमकळी, म्हणजे गुलाबी बोंडअळी शिरल्याने न उमललेले फूल, उकलून दाखवितो. कारण निसर्गनिवड सरकारी हुकमाला कशी दाद देत नाही, याचे प्रमाण त्या मिटल्या पाकळ्यांत जिवंत सापडते.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या मातीतील जीवाणूचे विषकारक जनुक घातलेल्या बीटी कपाशीस मार्च २००२ मध्ये भारतात परवानगी मिळाली. तीत आमच्या शेजारच्या जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीचा मोठा वाटा होता. २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. २०१० मध्ये गुजरातेतील गुलाबी बोंडअळी पहिल्या विषाला पुरून उरल्याचे जाहीर झाले, आणि २०१७ च्या हंगामात मराठवाडा-विदर्भात दोन्ही विषे पचवून तिने बोंडेच्या बोंडे पोखरली.

माझे मन गुंतते ते बियाण्याच्या पिशवीबरोबर पूर्वी मिळणाऱ्या लहानशा पुडीत. ४५० ग्रॅम बीटी सरकीसोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकी द्यावी, आणि ती शेताच्या कडेने पाच ओळी अथवा क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे अधिक भरेल तितक्या जागेत लावावी, अशी तरतूद होती. वरवर पाहता हे अळीला दिलेले इनाम वाटते. परंतु विष पचविण्याची शक्ती देणारे जनुक प्रायः अप्रभावी असल्यामुळे ते माता व पिता अशा दोहोंकडून आले तरच अळी तगते, आणि म्हणून बीटी झाडांवर वाचलेल्या विरळ पतंगास कडेच्या ओळींतील विपुल, विषाला बळी पडणाऱ्या पतंगांतून जोडीदार मिळाला, की त्यांची संतती विषाने मरते. त्या ओळीच नसल्या तर तगलेल्याचा संयोग तगलेल्याशीच होतो आणि काही हंगामांत सारा वंश विषाला अजिंक्य बनतो.

सिल्लोड तालुक्यातील एका वृद्ध शेतकऱ्यास मी विचारले, "काका, ती पुडी लावता का?" ते म्हणाले, "साहेब, रान दोन एकर. त्यातला पाचवा हिस्सा अळीला सोडला तर लेकरांना काय घालू?" हा हिशेब मला बिनतोड वाटला. कडेच्या या बिगर-बीटी, म्हणजे आश्रयाच्या, ओळींचा लाभ साऱ्या शिवाराला आणि तोटा एकट्याच्या पदरी, अशी ज्या कायद्याची रचना, तो पाळला जाईल ही अपेक्षाच अशास्त्रीय होती.

चीनमध्ये, यांगत्से नदीच्या खोऱ्यात, निराळेच घडले. तेथील शेतकरी संकरित कपाशीच्या दुसऱ्या पिढीची सरकी पेरू लागले. मेंडेलच्या नियमानुसार त्यातील चौथा हिस्सा झाडे आपोआप बिगर-बीटी निघाली, आश्रय शेतभर विखुरला आणि अळीचा प्रतिकार ओसरला. अमेरिकेने तर बीटी कपाशीच्या जोडीला वंध्य पतंग सोडून २०१८ मध्ये अळीचे निर्मूलन जाहीर केले. आपल्याकडे पिशवीतच बिगर-बीटी सरकी मिसळण्याची पद्धत पुढे आली. ती योग्यच होती, पण अळी प्रतिकारक झाल्यावर आली. माझे स्पष्ट मत असे, की जे शहाणपण शेतकऱ्याच्या स्वेच्छेवर सोडले ते आरंभापासून बियाण्यातच घालावयास हवे होते.

आज हाती उरला आहे तो अळीचा उपवास. ती प्रामुख्याने कपाशीवरच जगते. म्हणून ज्यांची शेती आहे अशा वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे, की पाण्याची सोय असली तरी फरदड, म्हणजे वेचणीनंतर तेच पीक पुढे राखून, घेऊ नये, डिसेंबरअखेर पीक काढून टाकावे आणि पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नयेत. किडक्या बोंडांतील सुप्त अळी तेथूनच पुढचा हंगाम गाठते.