हिंगण्याच्या आश्रमात लग्नं लावली जात नव्हती

कोथरूडमध्ये कर्वे पुतळ्यापाशी कुणालाही महर्षी कर्व्यांबद्दल विचारा, ठरलेलं उत्तर मिळतं: 'त्यांनी हिंगण्याला आश्रम काढला आणि विधवांची लग्नं लावून दिली.' शाळेतल्या भाषणांत हेच, जयंतीच्या फलकांवर हेच, आणि आता व्हॉट्सअ‍ॅपवरही हेच. ज्या माणसाच्या नावाच्या रस्त्यावरून आपण रोज जातो, त्याच्या आयुष्यभराच्या कामाचा इतका उलटा अर्थ लावला जावा, याचा राग येतो.

गोंधळाचं मूळ समजण्यासारखं आहे. कर्व्यांनी 1893 साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या बालविधवा गोदूबाईंशी विवाह केला. त्या पुढे आनंदीबाई, म्हणजे सगळ्यांच्या बाया कर्वे झाल्या. या लग्नापायी त्यांच्या गावी, मुरूडला, कर्व्यांवर बहिष्कार पडला. त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढली. पुनर्विवाहाचं काम त्यांनी केलं ते या मंडळीतून. हिंगण्याच्या आश्रमाची, म्हणजे अनाथ बालिकाश्रमाची, मंडळी 1896 ची. ती वेगळी संस्था होती आणि तिचा हेतूही वेगळा होता.

हा वेगळेपणा कर्व्यांनी जाणूनबुजून जपला. आश्रमातल्या बाईने शिकावं, स्वतःच्या पायावर उभं राहावं, एवढंच तिथलं काम. लग्न हा तिचा तिने ठरवायचा प्रश्न. यामागे व्यवहारही होता. विधवेला शिकवायला वर्गणी देणारी बरीच घरं पुनर्विवाहाचं नाव काढताच दार लावून घेत. आश्रमात लग्नं जमतात अशी नुसती कुणकुण लागली असती, तरी आईबापांनी मुली धाडल्या नसत्या.

शंका असेल त्यांनी बायांचं 'माझे पुराण' वाचावं. बाया स्वतः पुनर्विवाहित, म्हणून नवऱ्यानेच उभारलेल्या आश्रमापासून त्यांना लांब राहावं लागलं. त्यांचा वावर दिसला तर लोक बिथरतील, ही धास्ती. जिथे पुनर्विवाहितेला वावरणं अवघड होतं, त्या जागेला आपण पुनर्विवाहाचं केंद्र म्हणतो! ही तडजोड आश्रम टिकवण्यासाठी असेल, पण तिची किंमत बायांनी मोजली, आणि लग्नं लावल्याची गोष्ट सांगताना नेमकं तेच पुसलं जातं.

दुसरा दाखला बायांच्या धाकट्या बहिणीचा, पार्वतीबाई आठवल्यांचा. त्या आश्रमात शिकल्या, तिथेच काम केलं, निधीसाठी गावोगाव आणि पुढे थेट अमेरिकेपर्यंत गेल्या. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. आश्रमाला जे घडवायचं होतं ते पाहायचं, तर पार्वतीबाईंकडे पाहावं.

'आश्रम 1896 साली हिंगण्यात निघाला' हेही अर्धंच खरं. 1896 साली मंडळी स्थापन झाली, आश्रम आधी पुणे शहरातच होता. शहरात प्लेगचं थैमान चाललं असताना, 1900 साली, तो हिंगण्याला हलला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी सहा एकर जमीन आणि झोपडी बांधायला पैसे दिले. कर्वे फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत. दिवसभराचे तास आटोपले की शहरातून सामान घेऊन पायी हिंगण्याला यायचे, रात्री शिकवायचे आणि सकाळी पुन्हा कॉलेजची वाट धरायचे. आज ज्या अंतराला आपण रिक्षा करतो, ते त्यांनी पावसाळ्यात चिखल तुडवत कापलं.

'इथे तेव्हा नुसतं रान होतं' असंही ऐकू येतं. आश्रमाभोवती माळ होता हे खरं, पण हिंगणे बुद्रुक हे नांदतं गाव होतं, आणि कोथरूडही. नावावरून गोंधळ नको: हिंगणे खुर्द नदीपलीकडे, सिंहगड रस्त्याला. आश्रम तिथला नव्हे.

कर्व्यांनीच काढलेलं एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठ मुंबईत जन्मलं असं मुंबईकरच नव्हे, कर्वेनगरात, म्हणजे जुन्या हिंगण्यात, राहणारेही सांगतात. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून कर्व्यांनी 1915 साली मुंबईतल्या सामाजिक परिषदेत आपली कल्पना मांडली. विद्यापीठ सुरू झालं ते 1916 साली, हिंगण्याला. रा. गो. भांडारकर पहिले कुलपती, र. पु. परांजपे पहिले कुलगुरू. मुख्यालय मुंबईला गेलं ते 1936 साली. विद्यापीठाच्या नावातल्या नाथीबाई ठाकरसी संस्थापक नव्हत्या. त्यांचे चिरंजीव सर विठ्ठलदास यांनी 1920 साली 15 लाखांची देणगी दिली, म्हणून आईचं नाव लागलं. आणि हे सगळं इंग्रज सरकारच्या कृपेनं झालं असं समजणाऱ्यांसाठी: मातृभाषेतून शिकवणाऱ्या या विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली ती स्वातंत्र्यानंतर, 1951 साली. तोवरच्या मुली सरकारदरबारी न चालणाऱ्या पदव्या घेऊन बाहेर पडल्या आणि शाळांतून शिकवू लागल्या.