कॉस्प्ले

कॉस्प्ले म्हणजे कथा, कॉमिक, ॲनिमे, चित्रपट, मालिका किंवा व्हिडिओ गेम यांमधील एखाद्या पात्राचा वेश धारण करून त्या पात्राच्या रूपात वावरणे होय. हा छंद प्रामुख्याने चाहत्यांच्या संमेलनांतून वाढला. असा वेश करणाऱ्यास कॉस्प्लेयर म्हणतात. वेश विकत घेता येतो, भाड्याने आणता येतो किंवा दुसऱ्याकडून करवून घेता येतो. तथापि स्वतःच्या हातांनी बनवलेला वेश हा या छंदाचा गाभा मानला जातो, आणि तो कोणी घातला याइतकेच तो कोणी बनवला यालाही महत्त्व दिले जाते. सुरुवातीपासून तसे नव्हते. आरंभीच्या काळात शिवणाऱ्यापेक्षा मिरवणाऱ्याचेच नाव अधिक ठळकपणे नोंदले गेले.

सोंग घेण्याची कला महाराष्ट्राला बहुरूप्यांमुळे परिचित आहे. परंतु बहुरूप्याचे सोंग ही उपजीविका असून ते गावोगावच्या अनोळखी प्रेक्षकांपुढे वठवले जाते. कॉस्प्लेयर मात्र त्याच कथेवर प्रेम करणाऱ्या लोकांत उभा राहतो आणि पात्र अचूक ओळखले जाणे हाच त्याचा बहुधा एकमेव मोबदला असतो.

संज्ञा

‘कॉस्प्ले’ हा शब्द ‘कॉस्च्युम’ आणि ‘प्ले’ या दोन इंग्रजी शब्दांचा जपानी पद्धतीने केलेला संक्षेप आहे. जपानी उच्चार ‘कोसुपुरे’ असा होतो. स्टुडिओ हार्ड या संस्थेचे नोबुयुकी ताकाहाशी यांनी १९८३ मध्ये ‘माय ॲनिमे’ या मासिकातील लेखात तो वापरला. अमेरिकेत तोवर ‘मास्करेड’ ही संज्ञा रूढ होती. तिच्या जपानी भाषांतरातून सरदार-दरकदारांच्या मुखवटा-नृत्याचा भास होत असल्याने ताकाहाशी यांना ती जुनाट वाटली.

पूर्वपीठिका

कल्पित पात्रांचे वेश घेण्याची हौस या शब्दाहून बरीच जुनी आहे. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांनी १८७७ मध्ये दिलेल्या एका वेशभूषा-मेजवानीत पाहुणे त्यांच्या कादंबऱ्यांतील पात्रे होऊन आले होते. एडवर्ड बुलवर-लिटन यांच्या ‘द कमिंग रेस’ या कादंबरीवर आधारलेला मेळा लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मार्च १८९१ मध्ये भरला. अमेरिकेतील वृत्तपत्रांत छापल्या जाणाऱ्या ‘मिस्टर स्कायगॅक फ्रॉम मार्स’ या चित्रमालिकेतील मंगळवासीयाचा वेश १९०८ मध्ये ओहायो राज्यातील सिनसिनाटी येथे एका दांपत्याने केल्याची नोंद आहे. हे प्रसंग सुटे राहिले. त्यांतून परंपरा निर्माण झाली नाही. तिच्यासाठी दरवर्षी भरणारे संमेलन आवश्यक होते.

१९३९ चे न्यूयॉर्क संमेलन

पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन २ ते ४ जुलै १९३९ या काळात न्यूयॉर्क येथे भरले. त्याच सुमारास त्या शहरात ‘उद्याचे जग’ या कल्पनेवर आधारलेले जागतिक प्रदर्शन चालू होते. संमेलनाला सुमारे २०० लोक उपस्थित होते व त्यांपैकी केवळ दोघे वेश करून आले होते: लॉस एंजेलिसचे फॉरेस्ट जे. अकरमन आणि त्यांच्या सहकारी मर्टल आर. डग्लस. डग्लस चाहत्यांच्या वर्तुळात ‘मोरोजो’ या टोपणनावाने ओळखल्या जात. दोघेही एस्पेरांतो या कृत्रिम भाषेचे पुरस्कर्ते होते आणि चाहत्यांच्या हौशी नियतकालिकांचे संपादनही त्यांनी एकत्र केले.

त्यांचे वेश भविष्यकाळातील माणसांचे होते. फ्रँक आर. पॉल यांनी विज्ञानकथा मासिकांसाठी काढलेली चित्रे आणि १९३६ चा ‘थिंग्ज टू कम’ हा चित्रपट यांवर त्यांची रचना बेतलेली होती. अकरमन केप घालून न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून फिरले तेव्हा लहान मुलांनी त्यांना चित्रमालिकांतील अंतराळवीरांच्या नावांनी हाका मारल्या. ही आठवण ते पुढे आवर्जून सांगत, आणि संमेलनात वेश करून येणारा पहिला चाहता म्हणून त्यांचेच नाव दीर्घकाळ घेतले गेले.

वास्तविक दोन्ही वेश डग्लस यांनी बनवले होते. स्वतःचाही आणि अकरमन यांचाही. त्यामुळे संमेलनीय वेशभूषेची आद्य निर्माती हा मान त्यांच्याकडे जातो, आणि अलीकडच्या लेखनात तो त्यांना दिलाही जाऊ लागला आहे. त्यांचे काम एका वर्षापुरते नव्हते. १९४१ च्या डेन्व्हर संमेलनात त्या ए. मेरिट यांच्या ‘द मून पूल’ या कादंबरीतील बेडकासारख्या प्राण्याचा मुखवटा घालून आल्या. तो मुखवटा तेव्हा विशीत असलेल्या रे हॅरिहाउझेन यांनी घडवला होता. पुढे चित्रपटांतील स्टॉप-मोशन विशेष दृश्यांसाठी ते जगप्रसिद्ध झाले. डग्लस यांचे निधन १९६४ मध्ये झाले. कॉस्प्ले हा शब्द त्यांनी कधी ऐकला नाही.

१९४० मध्ये शिकागोच्या दुसऱ्या संमेलनात वेशभूषेचा रीतसर कार्यक्रम झाला. त्यात ‘फ्लॅश गॉर्डन’मधील खलनायक मिंग याच्या वेशातील डेव्हिड काइल यांना पहिले पारितोषिक मिळाले. तो वेश लेस्ली पेरी या चाहतीने तयार केला होता. सलग दोन वर्षे घडलेला हा प्रकार योगायोग म्हणून सोडून देता येत नाही: शिवणकाम हे घरकाम समजले जात होते आणि घरकामाला श्रेयनामावलीत जागा नव्हती.

जपानमधील विकास

तोक्योमध्ये २१ डिसेंबर १९७५ रोजी कॉमिक मार्केट, म्हणजेच कॉमिकेट, हा हौशी चित्रकथाकारांचा मेळा सुरू झाला व त्याच दशकात जपानी चाहते वेश करून येऊ लागले. पुढे समीक्षक म्हणून नावारूपास आलेल्या मारी कोतानी १९७८ मध्ये हाकोने परिसरातील एका विज्ञानकथा संमेलनात एडगर राइस बरोज यांच्या मंगळकथेच्या मुखपृष्ठावरून घेतलेल्या वेशात उपस्थित राहिल्या. अनेकांनी त्यांना ओसामु तेझुका यांचा ‘त्रितोन’ समजले. वेश बनवणाऱ्याच्या मनातील पात्र आणि पाहणाऱ्याच्या मनातील पात्र यांत असे अंतर पडणे या छंदात नित्याचे आहे.

कॉमिकेटने लवकरच वेशभूषेसाठी नियम केले. घरून वेश घालून येण्यास तेथे मनाई आहे. कपडे बदलण्यासाठी स्वतंत्र खोल्या असतात. त्यामुळे जपानी कॉस्प्लेयरचा वेश मोठ्या बॅगेत घालून रेल्वेने नेता येईल असा, सुट्या भागांचा असावा लागतो. नियमाने शिवणीवर केलेला हा परिणाम लक्षणीय आहे.

वेश तयार करण्याची प्रक्रिया

पहिली अडचण शिवणकामाआधीच येते. चित्रातील वेश प्रत्यक्षात अस्तित्वात असावा लागत नाही. चित्रकार केप हवेत तरंगती ठेवतो, चिलखताला सांधे देत नाही आणि पुढच्या पानावर पट्ट्याची रुंदी बदलतो. वेश बनवणाऱ्याने मात्र कापड कोणते, वजन कोठे पेलायचे, आणि अंगात घालायचे कसे हे ठरवावे लागते. म्हणून समोरून, मागून व बाजूने दिसणारी चित्रे आधी जमवली जातात, आणि जेथे चित्र गप्प असते तेथे चेन किंवा हूक लपवण्याची जागा शोधली जाते.

कापडी भागांसाठी नेहमीचे शिवणतंत्र वापरतात. जुन्या कपड्याची शिवण उसवून त्यावरून कागदी माप काढणे ही सर्वांत स्वस्त पद्धत आहे. महाग कापड बेतण्यापूर्वी मांजरपाटाचा कच्चा नमुना शिवून अंगावर पाहिला जातो. चिलखतासारख्या अंगाबरोबर बसणाऱ्या भागांसाठी शरीराचा तो भाग प्लॅस्टिकच्या पातळ वेष्टनाने व वरून कागदी चिकटपट्टीने गुंडाळतात, त्यावर शिवणीच्या रेषा आखून तो कापून काढतात आणि सपाट करून त्याचा साचा म्हणून उपयोग करतात.

चिलखत, शिरस्त्राण व शस्त्रे यांसाठी ईव्हीए फोम हे सर्वाधिक वापरले जाणारे साहित्य आहे. व्यायामशाळेत किंवा मुलांच्या खोलीत जमिनीवर अंथरतात तीच ही जाड, हलकी चटई. धारदार कटरने तिरकी कड कापल्यास दोन तुकडे कोनात जुळतात. हीट गनच्या झोताने फोम मऊ होऊन वाकवता येतो व गार झाल्यावर तो आकार बऱ्याच अंशी टिकवतो. उष्णतेने पृष्ठभागावरील सूक्ष्म छिद्रेही मिटतात व रंग कमी शोषला जातो. जोडण्यासाठी चपला दुरुस्त करताना वापरतात तसे रबरी सोल्युशन दोन्ही पृष्ठभागांना लावून, ते किंचित सुकल्यावर भाग एकमेकांवर दाबतात. एकदा टेकलेला तुकडा पुन्हा हलवता येत नाही, त्यामुळे नवशिक्यांचे बरेच साहित्य या टप्प्यावर वाया जाते. शेवटी काळ्या थरावर जवळजवळ कोरड्या ब्रशने चंदेरी रंग फिरवला की फोम लोखंडासारखा दिसू लागतो. कडांवर घासल्याच्या खुणा आणि खाचांत मळ दाखवणारा गडद रंग दिल्यास तो जुन्या लोखंडासारखा दिसतो.

उष्णतेने वाकणारे प्लॅस्टिकचे पत्रे अधिक टिकाऊ पण महाग असतात. त्रिमितीय छपाईमुळे गुंतागुंतीचे भाग घरी काढता येऊ लागले असले, तरी छपाईच्या थरांच्या रेषा घालवण्यासाठी भरणी आणि पॉलिश पेपरची घासाई टळत नाही. सोल्युशनची वाफ व फोमची भुकटी श्वासावाटे जाणे अपायकारक असल्याने हे काम खेळत्या हवेत, योग्य मुखवटा लावून करावे लागते. भुकटी अडवणारा साधा मास्क वाफ अडवत नाही, हे पुष्कळदा विसरले जाते.

पूर्ण झालेल्या वेशाची परीक्षा आरशासमोर होत नाही. त्यात बसता येते का, दारातून जाता येते का, पाणी पिता येते का आणि मदतीशिवाय स्वच्छतागृहात जाता येते का, या प्रश्नांवर अनेक देखणे वेश नापास होतात. फोम उष्णता कोंडून धरतो. मुंबईसारख्या दमट हवेत पूर्ण चिलखत घालून दिवसभर उभे राहणे हे कष्टाचेच काम आहे. अनुभवी मंडळी सुई-दोरा, सेफ्टी पिना, चिकटपट्टी आणि एक मदतनीस बरोबर ठेवतात.

संमेलनातील नियम

बहुतेक संमेलनांत नकली शस्त्रांची प्रवेशद्वारावर तपासणी होते. २०१७ मध्ये अमेरिकेतील फीनिक्स येथील संमेलनात एका व्यक्तीस खऱ्या बंदुकांसह अटक झाल्यावर आयोजकांनी तेथे नकली शस्त्रांवरही तत्काळ बंदी घातली. काही नियमांचा उगम कमी गंभीर आहे. १९७२ च्या लॉस एंजेलिस येथील जागतिक संमेलनात व्यंगचित्रकार स्कॉट शॉ यांनी स्वतःच निर्मिलेल्या पात्रासाठी अंगभर पीनट बटर फासले होते. दिव्यांच्या उष्णतेने ते वितळून इतरांच्या वेशांना लागले, आणि तेव्हापासून खाद्यपदार्थांचे वेश नाकारले जाऊ लागले.

वेश धारण केलेल्या व्यक्तींना, विशेषतः स्त्रियांना, होणारा नकोसा स्पर्श आणि विनापरवानगी छायाचित्रण हा प्रश्न मात्र खूप वर्षे दुर्लक्षित राहिला. ‘कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे’ या मोहिमेमुळे त्याची दखल घेतली गेली. न्यूयॉर्क कॉमिक कॉनने २०१४ मध्ये याच शब्दांचे मोठे फलक लावले. छायाचित्रापूर्वी विचारणे, वेशाला हात न लावणे आणि वाटेत गर्दी होऊ न देणे हे संकेत आता बहुतेक ठिकाणी लिखित स्वरूपात असतात.

भारतात

भारतात कॉमिक कॉन इंडियाचे पहिले संमेलन फेब्रुवारी २०११ मध्ये दिल्लीत झाले व त्याच वर्षी मुंबईतही संमेलन भरले. त्यांतील वेशभूषा स्पर्धांमुळे हा छंद महाराष्ट्रातील शहरी तरुणांत पोहोचला. शाळांतील वेशभूषा स्पर्धेची सवय असलेल्या मराठी घरांना त्याची ओळख अवघड नव्हती, फरक एवढाच की येथे शिवणकाम आईकडे सोपवून चालत नाही.

स्पर्धा आणि निर्मितीचे श्रेय

नागोया येथे २००३ पासून भरणाऱ्या वर्ल्ड कॉस्प्ले समिटमध्ये २००५ पासून दोघा-दोघांच्या संघांची अजिंक्यपद स्पर्धा होते. पहिले अजिंक्यपद इटलीने मिळवले. स्पर्धकांनी वेश स्वतः बनवलेले असावेत, अशी तेथे अट आहे. कारागिरीवर गुण देणाऱ्या अन्य स्पर्धांतही परीक्षक वेश जवळून पाहतात. शिवणीची उलटी बाजू, अस्तर, जोडणीच्या जागा तपासल्या जातात आणि कामाच्या टप्प्यांची छायाचित्रे मागितली जातात. विकत आणलेला भाग कोणता, दुसऱ्याच्या आराखड्यावरून छापलेला कोणता, कोणाची मदत कोठे झाली, हे स्पर्धकाने सांगायचे असते. दुसऱ्याने बनवलेला वेश घालणे गैर मानले जात नाही. बनवणाऱ्याचे नाव न सांगणे मात्र गैर मानले जाते. १९४० च्या शिकागोमधील पारितोषिक आजच्या कारागिरीच्या निकषांनुसार लेस्ली पेरी यांच्या नावावर लागले असते.