पुण्याचा आवाज पारोळ्यात कसा पोचतो?

सकाळी 'सात-पाच'च्या प्रादेशिक बातम्या लागल्या, की खानदेशात घड्याळं लावली जायची. निवेदक पुण्याच्या स्टुडिओत बसलेला आणि रेडिओ पारोळ्याच्या ओट्यावर. दोन्हींमध्ये सरळ रेषेत सुमारे 300 किलोमीटरचं अंतर. पण उपग्रह आल्यापासून हा आवाज त्या सरळ रेषेनं येतच नाही, तो आधी आकाशात जातो!

पुण्याची मध्यम लहर थेट का ऐकू येत नाही? दिवसा ही लहर जमिनीला धरून चालते आणि अंतराबरोबर क्षीण होत जाते. वर गेलेला भाग वातावरणाचा एक विद्युतभारित थर शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो. मग त्याहून उंचावरच्या थरावरून लहरी परततात आणि रात्री कुठकुठली दूरची स्टेशनं खरखरत लागतात. एरवी जवळच्या केंद्रानं आवाज झेलून पुन्हा सोडावा लागतो. आकाशवाणीच्या भाषेत हे सहक्षेपण.

1976 साली पारोळ्याजवळचं जळगाव केंद्र सुरू झालं तेव्हा असं झेलणं मोठं जिकिरीचं होतं. दूरचा कार्यक्रम टेलिफोनच्या तारांवरून यायचा, नाहीतर लघुलहरींवर पकडावा लागायचा. आवाज मध्येच बुडायचा, मध्येच वर यायचा. विविध भारतीच्या ध्वनिफिती तर मुंबईहून केंद्रोकेंद्री पाठवल्या जात. गाणं आधी पार्सलनं प्रवास करायचं आणि मगच हवेत जायचं!

1983 साली इन्सॅट-1बी अवकाशात गेला आणि दोनेक वर्षांत आकाशवाणीच्या केंद्रांवर उपग्रहाचे संकेत घेणारी यंत्रणा बसली. विषुववृत्तावर सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवरचा असा उपग्रह पृथ्वीच्याच गतीनं फिरतो, म्हणून आपल्याला तो एका जागी थबकलेला वाटतो. खालून आलेला आवाज तो साऱ्या देशावर एकदमच सोडतो. त्याला जळगाव काय आणि जम्मू काय, सारखंच. जळगावची तबकडी तो आवाज टिपते आणि मनोरा 963 किलोहर्ट्झवर पारोळ्याकडे धाडतो. म्हणजे 300 किलोमीटरसाठी 72 हजार किलोमीटरचा वळसा, आणि त्याला वेळ लागतो जेमतेम पाव सेकंद. तेवढ्या वेळात पारोळ्याच्या किल्ल्यावरून मारलेली हाक हवेतून ऐंशीएक मीटरच जाते.

इतकं असूनही माझ्या मते या जाळ्याचं खरं मोल त्याच्या शेवटच्या टोकाला आहे. दिल्ली-पुण्याच्या बातम्या संपल्या, की हाच मनोरा कापसावरच्या बोंडअळीचा सल्ला देतो, अहिराणी गाणं लावतो. त्याला उपग्रह लागत नाही. जळगाव ते पारोळा, हवेतून पन्नासेक किलोमीटर, बस्स. घरात जुना रेडिओ असेल, तर एकदा दुपारी आणि एकदा मध्यरात्री मध्यम लहरीवरचा काटा सावकाश फिरवून पाहा. आकाशातल्या त्या थराचं येणं-जाणं तुम्हाला स्वतःच्या कानांनी ऐकता येईल.