हाताखाली माणसे आली, आता हात आवरा!



आमच्या वस्तीत पूर्वी ‘साहेब’ म्हटले की दुसऱ्याच्या घरचा माणूस डोळ्यांसमोर येई. आता दिवस पालटले आहेत. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, सफाई खात्यात राबलेल्या आईबापांची मुले-मुली इंजिनिअर झाली, हिंजवडीच्या नाहीतर बंगळूरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत लागली आणि काही वर्षांतच त्यांच्या हाताखाली माणसेही आली. बढतीचे पेढे वाटले जातात, फोटो काढले जातात. पण साहेबाने वागावे कसे, हे या मुलांना कोणी शिकवलेले नसते. कॉलेजात प्रोग्राम लिहायला शिकवतात, माणसे सांभाळायला नाही. आणि घरात साहेब पाहायला मिळाला असेल, तर तो बापाच्या तक्रारीतच!

गेल्या महिन्यात रविवारी आमच्या वस्तीतली अशीच एक मुलगी घरी आली. वडील नगरपालिकेतून निवृत्त, आई अजून घरकामाला जाते. ही इंजिनिअरिंग मॅनेजर झाली, हाताखाली आठ जण. आम्ही अभिनंदन केले, तर पोरीचे डोळे भरून आले.

“काका, दिवसभर मिटिंगा असतात. रात्री बसून मी पोरांचं काम तपासते आणि पुन्हा स्वतःच लिहिते. दोन वाजतात. तरी दोघं जण सोडून गेले. एक जाताना म्हणाला, मॅडम, इथं मला करायला काही उरतच नाही.”

“मग तू त्यांना करू का देत नाहीस?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “काका, चूक झाली तर लोक मला एकटीला नावं ठेवणार नाहीत. ‘या लोकांचं असंच असतं’ म्हणतील.”

हे दुखणे आम्हाला चांगले ठाऊक आहे. दुसऱ्यापेक्षा दुप्पट काम करायचे, चूक होऊच द्यायची नाही, कोणाकडे मदत मागायची नाही, या सवयींवरच आपली मुले वर चढली. पण ज्या सवयीने खुर्ची मिळाली तीच सवय त्या खुर्चीत बसल्यावर आड येते. आम्ही पडलो बी.कॉम. झालेले कारकून. सॉफ्टवेअर आम्हाला लिहिता येत नाही. पण खालच्या टेबलावरून साहेब कसा दिसतो, हे आम्ही वीस वर्षांहून अधिक काळ पाहिले आहे. त्या मुलीशी झालेले बोलणे आणि या विषयावर आम्ही जे वाचले, ते येथे मांडत आहोत.

काम बदलले, हे आधी ओळखा

इंटेल कंपनी पुढे ज्यांनी चालवली ते अँडी ग्रोव्ह हंगेरीतून निर्वासित म्हणून अमेरिकेत आलेले इंजिनिअर. त्यांनी 1983 साली व्यवस्थापनावर ‘हाय आउटपुट मॅनेजमेंट’ हे पुस्तक लिहिले. त्यांच्या विचाराचा गाभा असा की, मॅनेजरचे काम त्याने स्वतः किती केले यावर मोजायचे नाही, त्याच्या माणसांच्या हातून किती झाले यावर मोजायचे.

मग नुसता साहेब हवाच कशाला, असे कोणी विचारील. गूगल कंपनीने 2002 साली हा प्रयोग करून पाहिला. इंजिनिअरांवरचे मॅनेजरच काढून टाकले. काही महिन्यांत प्रयोग गुंडाळावा लागला, कारण खर्चाच्या बिलांपासून आपसातल्या भांडणांपर्यंत सगळे थेट मालकाच्या टेबलावर जाऊ लागले. पुढे याच कंपनीने ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’ नावाने आपल्या चांगल्या मॅनेजरांचा अभ्यास केला आणि त्यांचे आठ गुण काढले. पहिला गुण निघाला माणसाला शिकवून तयार करण्याचा. तांत्रिक ज्ञान यादीत होते, पण आठव्या क्रमांकावर. ज्ञान नको असा याचा अर्थ नाही. ते सल्ला देण्यापुरते हवेच. पण त्याच्या जोरावर दुसऱ्याच्या हातातले काम ओढून घ्यायचे नाही.

काम सोपवण्याची रीत

आमच्या कचेरीत एक साहेब होते. प्रत्येक फाईल स्वतःच्या कपाटात. ते रजेवर गेले की किल्लीही रजेवर! माणूस प्रामाणिक, कष्टाळू. पण ते निवृत्त झाले तेव्हा खात्यात एकालाही पूर्ण काम येत नव्हते.

म्हणून काम देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: काय हवे, कशासाठी हवे आणि केव्हापर्यंत हवे. कसे करायचे ते त्याच्यावर सोडावे. मध्ये एक दिवस पाहणीचा ठरवावा, म्हणजे रोज मागून डोकावायला नको. सुरुवातीला असे काम द्यावे की जे चुकले तरी निस्तरता येईल. तपासताना ‘चुकीचे’ आणि ‘माझ्यापेक्षा वेगळे’ यांत फरक करावा. चुकीचे असेल तर का चुकले ते लिहून परत द्यावे आणि त्यालाच दुरुस्त करू द्यावे. वेगळे असेल आणि नीट चालत असेल, तर हात लावू नये. रात्री दोन वाजता तुम्ही ते पुन्हा लिहिले, की सकाळी त्या पोराला एकच गोष्ट कळते: मॅडमचा आपल्यावर भरवसा नाही.

माणसे वाढवली म्हणजे काम लवकर होत नाही

काम मागे पडले की वरचे साहेब म्हणतात, “आणखी चार माणसे घे, पण तारीख पाळ.” येथे सावध राहावे. आयबीएम कंपनीने 1964 साली ‘सिस्टिम 360’ ही संगणकांची मालिका जाहीर केली. तिच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे काम फ्रेड ब्रूक्स यांच्याकडे होते. ते काम लांबले. त्या अनुभवावर त्यांनी 1975 साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हे पुस्तक लिहिले. मागे पडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात नवी माणसे घातली की ते आणखी मागे पडते, हा त्यांचा नियम आजही सांगितला जातो.

हिशेब सोपा आहे. आठ माणसांत एकमेकांशी बोलणाऱ्या जोड्या होतात 28. चार माणसे वाढवून बारा केली की जोड्या होतात 66. माणसे दीडपट, बोलणे-सांगणे दुपटीहून जास्त! शिवाय नव्यांना शिकवायला कामात बुडालेल्या जुन्यांनाच उठावे लागते. एका तव्यावर भाकरी एकच भाजते. चुलीपाशी चार बायका बसवल्याने ती लवकर भाजत नाही.

मग करायचे काय? उशीर होणार हे कळताच वर सांगावे, शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. सांगताना नुसते “होणार नाही” म्हणू नये. “ठरलेल्या तारखेला एवढे देतो, उरलेले अमक्या तारखेला” असे लिहून द्यावे. आपल्या मुलांना वर नाही म्हणणे जड जाते. पण वर जे बोलायचे राहते, त्याची किंमत खालची आठ माणसे रात्री जागून देतात.

आठवड्याचा अर्धा तास

प्रत्येकाशी आठवड्यातून अर्धा तास एकट्याने बोलावे. ग्रोव्ह यांनी या भेटीवर फार भर दिला आहे. ही भेट साहेबाची नसून हाताखालच्या माणसाची आहे, काय बोलायचे ते त्याने ठरवायचे, असे ते सांगतात. कामाचा आढावा इतर वेळी होतोच. येथे विचारावे: कुठे अडते आहे? कशात उगाच वेळ जातो? मी काय करायचे थांबवू? पुढे तुला काय शिकायचे आहे? पहिल्या दोन-तीन भेटींत समोरचा “सगळं ठीक आहे” एवढेच म्हणेल. घाई करू नये. खरे बोलणे भरवसा बसल्यावर निघते.

आमचा कारकुनी सल्ला एवढाच की वही ठेवावी. काय कबूल केले ते लिहावे आणि पुढच्या भेटीत त्याचे काय झाले ते आपण होऊन सांगावे. काम झाले नसेल तरी सांगावे.

चूक झाली तर

आमच्या एका साहेबांनी जमाखर्चातल्या चुकीवरून एका कारकुनाला शिपायांसमोर झोडपून काढले. त्यानंतर खात्यात चुका बंद झाल्या नाहीत, चुका सांगणे बंद झाले. पुढे त्या ऑडिटमध्ये निघाल्या.

याच्या उलट एक उदाहरण पाहा. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब या कंपनीत रात्री उशिरापर्यंत काम करणाऱ्या एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर पुसण्याची आज्ञा दिली आणि ग्राहकांचा चालू डेटा उडाला. शोध घेतल्यावर कळले की बॅकअप रोज होतो असे सगळे समजत होते, पण तो होतच नव्हता. आणि तसा इशारा देणाऱ्या ई-मेल कोणाला पोहोचत नव्हत्या. त्याच इंजिनिअरने सुमारे सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी एक प्रत काढून ठेवली होती, तिच्यावरून बरेचसे परत मिळाले. सुमारे सहा तासांचा डेटा कायमचा गेला. कंपनीने दुरुस्तीचे काम जगासमोर उघड चालवले, कारणे सविस्तर छापली आणि दोष एका माणसावर ढकलला नाही. त्या माणसाला हाकलून भागवले असते, तर बंद पडलेला बॅकअप तसाच राहिला असता.

म्हणून चूक झाल्यावर “कोणी केले?” हा प्रश्न आधी विचारू नये. “ही चूक होऊ शकली कशी, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलायचे?” हे विचारावे. आणि पहिल्यांदा स्वतःची एखादी चूक सर्वांसमोर सांगावी. त्याने मान जात नाही, इतरांची तोंडे उघडतात.

‘नको’ म्हणणाऱ्याचे ऐका

शेवटचे उदाहरण सॉफ्टवेअरचे नाही, पण इंजिनिअर आणि त्यांच्या साहेबांचेच आहे. अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाच्या रॉकेटांचे सांधे रबरी कड्यांनी बंद केलेले होते. उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या रॉजर बोईजोली आदी इंजिनिअरांनी बजावले, की कडाक्याच्या थंडीत ही कडी ताठरतात, उद्या उड्डाण नको. नासाच्या अधिकाऱ्यांना हे रुचले नाही. मग कंपनीच्या वरिष्ठांनी आपल्याच इंजिनिअरांचे म्हणणे बाजूला सारून होकार दिला. 28 जानेवारी 1986 रोजी उड्डाणानंतर 73 सेकंदांत यान फुटले. सातही जण गेले, त्यांत एक शिक्षिका होती.

खालचा माणूस ‘नको’ म्हणतो तेव्हा त्याने मन घट्ट केलेले असते. त्याला पूर्ण बोलू द्यावे आणि ते लिहून घ्यावे. निर्णय वेगळा घ्यायचा असला तर कारण त्याला सांगावे. मिटिंगमध्ये सर्वांत नव्याला आधी बोलू द्यावे. साहेब आधी बोलला की बाकीचे माना डोलावतात.

घरच्यांसाठी दोन शब्द

आई-वडिलांनो, “साहेब झालास, मग आता नुसता बोलतच असतोस का?” असे मुलांना विचारू नका. ऐकणे, समजावणे हेच आता त्यांचे काम आहे. रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या लेकीचे कौतुक करण्याआधी विचारा, “हे तूच करायला हवं का, बाळा?” आणि साहेबाने तुमच्याशी कसे वागायला हवे होते, ते त्यांना सांगा. ते तुमच्याइतके कोणाला ठाऊक?

परवा ती मुलगी पुन्हा भेटली. एक मोठे काम तिने एका नव्या मुलावर सोपवले. त्याने ते तिच्यापेक्षा वेगळ्या रीतीने केले, दोन दिवस जास्त लागले, पण चालले. “तीनदा हात शिवशिवले, काका,” ती म्हणाली, “पण लॅपटॉप मिटून झोपले.”

ज्यांच्या घरी असा नवा साहेब किंवा नवी मॅडम आहे, त्यांनी हे पान त्यांच्यासाठी जपून ठेवावे.