गळा दाबणे, कौटुंबिक हिंसाचारातील

मानेवर बाहेरून दाब देऊन मेंदूचा रक्तपुरवठा किंवा श्वासोच्छ्वास रोखण्याच्या क्रियेस गळा दाबणे असे म्हणतात. हा दाब हातांनी, कोपराच्या बेचक्यात मान पकडून किंवा दोरी, ओढणी, लुगड्याचा पदर यांच्या फासाने दिला जातो. पीडित व्यक्ती वाचल्यास हा प्रकार ‘अघातक’ म्हणून ओळखला जातो. परंतु या संज्ञेने केवळ परिणाम कळतो, धोक्याचे मान कळत नाही.

मानेतील नीला सु. २ किग्रॅ., रोहिणी सु. ५ किग्रॅ. व श्वासनाल सु. १५ किग्रॅ. दाबाने बंद होते. म्हणजेच श्वास थांबण्यापूर्वीच मेंदूचे रक्त थांबू शकते आणि सु. दहा सेकंदांत शुद्ध हरपते. शुद्ध हरपल्यामुळे पीडितेस घटनाक्रम नीट आठवत नाही. तिची असंबद्ध हकीकत हा खोटेपणाचा पुरावा नसून अनेकदा दुखापतीचाच परिणाम असतो.

लक्षणे : आवाज घोगरा होणे, गिळताना दुखणे, दम लागणे, चक्कर, डोकेदुखी, दृष्टी अंधुक होणे व घटनेच्या वेळी नकळत मलमूत्र विसर्जन होणे ही लक्षणे महत्त्वाची होत. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, पापण्यांच्या आत व कानांमागे रक्ताचे सूक्ष्म ठिपके आढळतात. हनुवटीखालील ओरखडे कित्येकदा सुटकेच्या धडपडीत पीडितेच्या स्वतःच्याच नखांनी पडलेले असतात. तथापि बाह्य खुणा नसणे हेही नेहमीचेच आहे. अमेरिकेतील सॅन डिएगो येथील ३०० प्रकरणांच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्या स्त्रियांच्या मानेवर दिसण्याजोगी कोणतीही जखम नव्हती. सावळ्या त्वचेवर लाली व वळ आणखी कमी उठून दिसतात.

उपाययोजना : पीडितेस एकांतात, पती व सासरच्या मंडळींच्या अनुपस्थितीत, “कोणी गळा दाबला का?” असे स्पष्ट विचारावे. मानेस तेल लावून चोळू नये. रोहिणीच्या आतील अस्तरास चीर पडल्यास काही दिवसांनीही पक्षाघात होऊ शकतो. स्वरयंत्राची सूज काही तासांनी वाढून श्वासमार्ग रोधला जाऊ शकतो. यास्तव बरे वाटत असले तरी वैद्यकीय तपासणी आवश्यक असते. गर्भवतीच्या बाबतीत गर्भाचीही तपासणी करावी. रक्तवाहिन्यांच्या सीटी चित्रणाची सोय मोठ्या रुग्णालयांतच असते. म्हणून अमरावती जिल्ह्यातील कौंडण्यपूरसारख्या वर्धाकाठच्या गावातील रुग्णास तिवसा येथे प्राथमिक उपचार मिळाले, तरी धोक्याची लक्षणे असल्यास अमरावतीस हलविणे इष्ट ठरते. वैद्याने पीडितेचे शब्द जसेच्या तसे नोंदवावेत, खुणांची मापे व छायाचित्रे घ्यावीत आणि वापरलेली दोरी वा वस्त्र जपून ठेवावे.

पूर्वी गळा दाबला गेलेल्या स्त्रीची पुढे जोडीदाराकडून हत्या होण्याचा संभव सु. सात पट असतो, असे २००८ मधील एका अमेरिकन अभ्यासात दिसून आले. त्यामुळे ‘नवराबायकोचे भांडण’ म्हणून नातेवाईक वा गावकऱ्यांनी समजूत घालून तिला त्याच घरी परत पाठविणे जिवावर बेतू शकते.

कायदा व साहाय्य : इंग्लंड व वेल्समध्ये हा २०२२ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. भारतात तसे स्वतंत्र कलम नाही. वस्तुस्थितीनुसार भारतीय न्याय संहिता, २०२३ मधील क्रूरता, दुखापत किंवा खुनाचा प्रयत्न यांविषयीची कलमे लागू होतात. कौटुंबिक हिंसाचार अधिनियम, २००५ अन्वये संरक्षण अधिकाऱ्यामार्फत दंडाधिकाऱ्याकडून संरक्षण व निवासाचे आदेश मिळविता येतात. मुंबईत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांसमवेत महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तर २००१ मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिका व ‘सेहत’ या संस्थेने ‘दिलासा’ केंद्र उघडले. रुग्णालयातच समुपदेशन मिळाल्याने उपचारांसाठी आलेल्या स्त्रीस वेगळे कारण सांगून बाहेर पडावे लागत नाही. तातडीच्या मदतीसाठी ११२ व महिलांसाठी १८१ हे दूरध्वनी क्रमांक आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गळा दाबण्याचा व हेतुपुरस्सर भाजण्याचा प्रयत्न यांविषयी एकत्रित प्रश्न विचारला जातो. त्यामुळे गळा दाबण्याच्या प्रकारांची वेगळी संख्या त्यातून मिळत नाही. परिणामी दवाखान्यात व पोलीस ठाण्यात होणाऱ्या प्रत्येक अचूक नोंदीचे महत्त्व अधिकच वाढते.