निवडुंगाच्या वाळवंटात दिवसभर चालायचंय? अर्धं पाणी संपलं की मागे फिरायचं

गावाकडची पोरं शिकायला, नोकरीला अमेरिकेत आहेत. त्यातली काही ॲरिझोना राज्यात, फिनिक्स आणि टूसॉन या शहरांच्या आसपास. थंडीत आई-वडील त्यांच्याकडे महिना-दोन महिने जाऊन येतात. आणि तिथे गेल्यावर एक दिवस ठरतोच, निवडुंगाचं जंगल बघायला जायचं.

हे जंगल म्हणजे सग्वारो नॅशनल पार्क. लिहिताना सग्वारो, पण तिथली माणसं 'सवारो' म्हणतात, रस्ता विचारताना हे लक्षात ठेवावं. टूसॉन शहराच्या पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक असे त्याचे दोन भाग आहेत. सग्वारो हा खांबासारखा उभा वाढणारा निवडुंग, १२ मीटर आणि त्याहूनही उंच जातो. पहिल्या दहा वर्षांत तो जेमतेम बोटभर होतो, बाजूचा हात फुटायला ५०-७५ वर्षं लागतात, आयुष्य दीडशे-दोनशे वर्षांचं. सोबतीला मेस्किटची झुडपं असतात. ही मेस्किट म्हणजे आपल्याकडे ओढ्याकाठी माजलेल्या वेड्या बाभळीची चुलत बहीण. आपल्या बांधावरचा फड्या निवडुंगही मूळचा तिकडच्याच खंडातला. त्यामुळे मुलूख अगदीच परका वाटत नाही, आणि इथेच फसायला होतं.

मे महिन्यात ४३-४४ अंशांत नांगरट करणारा माणूस म्हणतो, ऊन आम्हाला काय नवीन आहे? पण शेतात बारा ते चार तो कडुलिंबाखाली असतो, बांधावर पाण्याची कळशी असते, हाक मारली तर कोणीतरी ओ देतं. तिथे सग्वारोची सावली म्हणजे जमिनीवर काठीएवढी रेघ. वाटेत नळ नाही, विहीर नाही. दुसरं म्हणजे हवा इतकी कोरडी की घाम आला आला तोवर उडून जातो. शर्ट कोरडाच राहतो आणि माणसाला वाटतं, घाम कुठे येतोय! अंगातलं पाणी मात्र चाललेलं असतं.

२०२३ साली फिनिक्समध्ये ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. त्या वर्षी फिनिक्स ज्या काउंटीत येतं, तिथे उष्णतेने ६४५ माणसं गेली. हे सगळे डोंगर चढायला गेलेले नव्हते. घरात, रस्त्यावर गेलेलेही त्यात आहेत. पण फिनिक्स शहर आता कडक उन्हाच्या इशाऱ्याच्या दिवशी कॅमलबॅकसारख्या डोंगरांच्या वाटा भर दिवसा बंदच ठेवतं.

म्हणून पहिलं ठरवायचं ते महिना. नोव्हेंबर ते मार्च हा चालायचा काळ. मे-जूनमध्ये पोराकडे गेला असाल तर गाडीतून बघा, पहाटे अर्धा तास पाय मोकळे करा, बास. जुलै ते सप्टेंबर तिथेही पावसाळा असतो. दुपारी ढग येतात, वीज पडते, आणि लांब डोंगरावर पडलेला पाऊस कोरड्या ओढ्यातून लोंढा होऊन येतो. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी येतो. त्या दिवसांत ओढ्याच्या वाळूत बसून डबा खाऊ नये.

आता पाणी. पश्चिम भागात वॅसन शिखरावर जाणारी ह्यू नॉरिस नावाची वाट आहे, जाऊन-येऊन साधारण १६ किलोमीटर. शिखर १४२८ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा कमीच. सहा-सात तास धरा. माणशी किमान चार लिटर पाणी, थंडीचे दिवस असले तरी. चार लिटर म्हणजे चार किलो ओझं, म्हणून पोरं दोन बाटल्या काढून गाडीत ठेवतात. तसं करू नये. आणि निघतानाच ठरवायचं की दोन लिटर संपले की जिथे असू तिथून मागे फिरायचं. शिखर समोर दिसत असलं तरी. घरातल्या थोरल्या माणसाने हे आधीच बोलून ठेवावं, वर गेल्यावर कोणी कोणाचं ऐकत नाही.

नुसतं पाणी ढोसूनही चालत नाही, घामातून मीठ जातं. खारे शेंगदाणे, चिवडा, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी सोबत हवं. डोकं दुखायला लागलं, मळमळलं की सावली शोधून थांबायचं, कपडे ओले करायचे. माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला तर वाट न बघता ९११ ला फोन. रेंज सगळीकडे मिळत नाही, म्हणून कुठल्या वाटेने जातोय आणि किती वाजता परत येणार हे घरी कोणाला तरी सांगून जायचं.

सिनेमात दाखवतात, निवडुंग कापला आणि पाणी प्यायला. हे खोटं आहे. सग्वारो पाऊस पडला की भात्यासारखा फुगतो, टनाने पाणी धरतो हे खरं, पण ते त्याच्या गरात असतं आणि गर कडू. खाल्ला तर उलट्या-जुलाब होऊन अंगातलं होतं ते पाणीही जायचं.

काट्यांत सगळ्यात वाईट चोया. दिसायला मऊ, लव असल्यासारखा. नुसतं घासून गेलं तरी त्याची कांडी तुटून अंगाला चिकटते, काट्यांना मासळीच्या गळासारखे मागे वळलेले बारीक आकडे. हाताने ओढली तर हातात रुतते. तिथली माणसं खिशात फणी ठेवतात, फणी कांडीखाली घालून ती झटक्यात उडवायची. उरलेल्या काट्यांना छोटी पक्कड. साडी, चप्पल नको. बूट, पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा आणि टोपी. आपलं उपरणंही चांगलं, ओलं करून मानेवर टाकता येतं. दगडाखाली हात घालू नये, तिथे शेपटी वाजवणारे साप आहेत. खुळखुळा वाजल्यासारखा आवाज आला की थांबायचं, आवाज कुठून येतोय ते बघायचं आणि सावकाश मागे सरकायचं.

आणखी एक, कारण आपल्याकडच्या माणसाचा हात शिवशिवतो. छोटंसं रोप उपटून पिशवीत टाकायचं नाही. पार्कातल्या काही सग्वारोंमध्ये चोरी पकडण्यासाठी चिप बसवलेली आहे, आणि ॲरिझोनात हा गुन्हा आहे. परवान्याशिवाय ते रोप विमानाने भारतातही आणता येत नाही. फोटो काढावा, तो पाठवायला पैसे पडत नाहीत.